कोमोला चार दिवस, नवेगावबांधला दोन तास?

नागपुरात दिवाळीच्या सुट्टीचा विषय निघाला आणि कुणी गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधचं नाव काढलं, की उत्तर ठरलेलं असतं. "काय आहे जी तिथं? दोन तासांचं काम. तलाव पाहा, फोटो काढा अन् या परत." हे सांगणारी व्यक्ती बहुधा त्याच बैठकीत आपल्या इटलीच्या बेताबद्दलही बोलत असते. इटली म्हणजे पूर्वी रोम, व्हेनिस आणि पिसाचा कललेला मनोरा. आता त्यात कोमो आलं. २०१८ च्या सप्टेंबरात ईशा अंबानीचा साखरपुडा कोमोकाठी झाला. नोव्हेंबरात दीपिका आणि रणवीर यांचं लग्न त्याच तळ्याकाठच्या विला देल बाल्बियानेल्लोत लागलं. ते फोटो पाहून धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत सगळ्यांना एकदम तळ्याकाठची सुट्टी हवीशी वाटू लागली. हौस चांगली आहे. फक्त तिच्यासोबत एक सिद्धान्तही आला: तळ्याकाठी चार दिवस निवांत काढायचे तर ते इटलीतच, विदर्भातल्या तलावाला दोन तास म्हणजे डोक्यावरून पाणी.

मला हा सिद्धान्त मान्य नाही. कोमो सुंदर आहे, त्याबद्दल वाद घालणारा वेडा ठरेल. माझं म्हणणं एवढंच की 'दोन तास' हे माप तलावाचं नाही, आपण बेत कसे आखतो त्याचं आहे. आणि तीच आखणी घेऊन माणूस कोमोला गेला तरी त्याच्या पदरात तिथेही दोन तासच पडतात.

खोटं वाटत असेल तर युरोपच्या सहलींची छापील वेळापत्रकं काढून बघा. कोमो असलंच तर त्याच्या वाट्याला बहुधा मिलान आणि स्वित्झर्लंड यांच्या मधली एक दुपार येते. बस गावाबाहेर थांबते, मंडळी धक्क्यापर्यंत चालत जातात, एक बोटफेरी, एक जेलातो, ग्रुप फोटो, आणि लगेच "चला, पाच वाजता बसपाशी!" रात्रीचा मुक्काम तळ्यावर नसतोच, तो हमरस्त्यालगतच्या हॉटेलात असतो, कारण जेवणाची सोय तिथे होते. चार दिवस निवांत काढायचे म्हणून ज्या तळ्याचं नाव घेऊन नागपूर सोडलं, त्याला प्रत्यक्षात मिळाली एक दुपार, आणि त्यातलीही निम्मी रांगेत. तरी परतल्यावर कुणी म्हणत नाही की कोमो दोन तासांचं काम आहे. तिथे वेळ कमी पडला म्हणतात. इथे मात्र तलावच कमी पडतो.

पॅकेज नको, आपलं आपण जाऊ, असं म्हणणारे जास्त शहाणे. त्यांच्यासाठी हिशेब मांडतो. नागपूरहून दोहामार्गे मिलान. दोन विमानं, मधला थांबा, मालपेन्सा विमानतळावरची रांग, तिथून रेल्वेनं मिलानो चेंत्राले स्टेशन, आणि तिथून वारेन्नाची गाडी, जी साधारण तासाभरात तळ्यावर पोचवते. घराला कुलूप लावल्यापासून खोलीची किल्ली हाती पडेपर्यंत एक दिवस सहज जातो. परतीचाही तेवढाच. घड्याळ हिवाळ्यात साडेचार तास मागे जातं, तेव्हा पहिल्या संध्याकाळी साडेसातलाच डोळे मिटतात. त्याआधीचं कागदोपत्री प्रकरण वेगळं. शेंगेन व्हिसाची फी २०२४ च्या जूनपासून मोठ्या माणसाला ९० युरो, किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय विमाकवच, बँकेची स्टेटमेंटं, हॉटेलची बुकिंगं, बोटांचे ठसे. आणि एवढं करूनही पासपोर्ट वेळेवर परत येईल का, ही धाकधूक. पंधरा दिवसांच्या दौऱ्याला हे शोभतं. चार दिवसांच्या सुट्टीसाठी एवढा खटाटोप म्हणजे चहापोह्यांसाठी लग्नाचा मांडव घालणं झालं.

आणि दिवाळी! हा मुद्दा मला सगळ्यात मजेशीर वाटतो. नागपूरकराला सुट्टी मिळते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. नेमक्या त्याच सुमाराला कोमोकाठची गावं दारं लावायला घेतात. बेलाज्जोसारख्या गावातली बरीचशी हॉटेलं नोव्हेंबर ते मार्च बंद असतात, बोटींच्या फेऱ्या कमी होतात, विलांच्या बागा कुलूपबंद होतात, पाऊस-धुकं येतं आणि पाच वाजायच्या आत दिवस मावळतो. ते लग्न सोडलं तर फोटोतलं कोमो हे एप्रिल ते सप्टेंबरचं कोमो आहे. उलट नवेगावबांध जागं होतं ते नोव्हेंबरात. पाऊस संपून तलाव भरलेला असतो, धान कापणीला आलेलं असतं, उत्तरेकडून पाखरं उतरू लागलेली असतात. ज्या आठवड्यात इटलीचं तळं झोपायला जातं, त्याच आठवड्यात आपला माणूस जागा तलाव टाकून तिकडे जायचा बेत करतो.

यावर प्रतिपक्षाचं जे उत्तर येतं त्यात दम आहे, म्हणून ते नीट ऐकू. ते म्हणतात, "तिथे राहून करण्यासारखं काही तरी आहे. इथे काय करायचं? पाण्याकडे बघत बसायचं?"

बरं, कोमोला खरोखर राहणारा माणूस चार दिवस करतो काय? मुख्य काम म्हणजे तो बोटीनं इकडून तिकडे जातो. वारेन्ना, बेलाज्जो, मेनाज्जो ही तीन गावं तळ्याच्या मधोमध समोरासमोर आहेत. त्यांच्यामधून दिवसभर फेरी चालते, पंधरा-वीस मिनिटांची एक खेप. बोट धक्क्याला टेकते, फळी पडते, माणसं, सायकली, मोटारी उतरतात, तेवढेच चढतात, भोंगा वाजतो, निघाली. ही पर्यटनाची बोट नव्हे. सरकारी जलवाहतूक आहे, आपल्या एसटीसारखी वेळापत्रक लावून चालणारी, आणि तिच्यात शाळेची पोरंही असतात. दुसरं काम म्हणजे चालणं. कोलोन्नोपासून ग्रियांतेपर्यंत काठाकाठानं जाणारी दहा किलोमीटरची ग्रीनवे नावाची पायवाट आहे. गल्लीतून, चर्चच्या मागून, लोकांच्या परसाजवळून जाते. तिसरं, खाणं. तिथले मासेमार आगोने नावाचा मासा मीठ लावून उन्हात वाळवतात, तमालपत्रासारखी पानं घालून डब्यात दाबून ठेवतात आणि मग भाजून खातात. चौथं, रेशीम. कोमो हे शतकानुशतकं रेशमाचं गाव आहे, रेशमाचं संग्रहालय आहे. एवढंच. धबधबा नाही, झुला नाही, झगमगाट नाही. पाणी, बोट, पायवाट, मासा, कापड.

आता नवेगावबांध घेऊ. सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव, सभोवती टेकड्या, त्यांना लोक सात बहिणी म्हणतात. मासा आहे, आणि तो वाळवणारे ढिवर आहेत. सुके झिंगे घालून केलेली वांग्याची भाजी हा या भागातला असा पदार्थ आहे की तो नागपूरच्या हॉटेलांच्या मेन्यूवर का नाही, हे मला कोडं आहे. रेशीम आहे. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पाळतात, आणि हे काम परंपरेनं करणारे बरेचसे पुन्हा ढिवरच. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला कोष्टी त्याचं टसर विणतात. तळ्याकाठचा मासेमार आणि रेशीम हे जोडपं बघायला युरोपात जावं लागत नाही, साकोलीच्या आसपास फिरलं तरी भेटतं. कोमोचा मासा डब्यात बसतो आणि रेशमाला संग्रहालय मिळतं. आपला झिंगा भंडाऱ्याच्या बाजारात फडक्यावर बसतो. बाजारपेठेचा फरक आहे, तळ्याचा नाही.

मग दोन तासांत हे दिसत का नाही? कारण ते दोन तास चुकीचे असतात. नागपूरहून सकाळी नऊला निघायचं, भंडाऱ्याला थांबायचं, कोहमाऱ्याहून उजवीकडे वळायचं, आणि तलावावर पोचायचं ते भर दुपारी बारा-साडेबाराला. त्या वेळी पाखरं तलावाच्या मधोमध काळे ठिपके होऊन बसलेली असतात. मासेमार जाळं वाळत घालून घरी गेलेला असतो. पाण्यावर इतकी चकाकी असते की डोळे मिटावे लागतात. मग डबा उघडायचा, पोरांना बागेतल्या घसरगुंडीवर सोडायचं, अडीचला गाडीत. तलावाची वेळ असते पहाटे सहा ते नऊ आणि दुपारी चारनंतर. या मंडळींनी त्यातला एकही तास तिथे घालवलेला नसतो. आणि तरी निकाल यांचाच.

सकाळी साडेसहाला काठावर उभं राहिलं तर काय दिसतं ते सांगतो, कारण 'पाण्याकडे बघत बसायचं' या टोमण्याला त्याहून चांगलं उत्तर नाही. धुकं पाण्यापासून हातभर वर उचललेलं असतं. त्यात एक डोंगा सरकताना दिसतो; माणूस उकिडवा बसलेला, एका हातानं वल्हं, दुसऱ्या हातानं रात्री टाकलेलं जाळं ओढून मांडीवर घेत जाणारा. शिंगाड्याचा हंगाम असेल तर काठच्या उथळ पाण्यात बायामाणसं वेल उलटा करकरून खालची फळं तोडत असतात. हिरवा शिंगाडा वर दिसतच नाही, पानांचा चक्क गालिचा असतो. उलटल्याशिवाय कळत नाही खाली काय आहे. तोडणाऱ्यांची बोटं काळी पडलेली असतात आणि काट्यांनी टोचून टोचून फुगलेली. तोच शिंगाडा उकडून नऊ वाजता रस्त्याच्या कडेला विकायला येतो. मधल्या वेळात कमळपक्षी पानांवरून चालत जातो, चक्रवाकांची जोडी ओरडते, आणि नशीब असेल तर पट्टकादंबांचा थवा येऊन उतरतो, जो हिमालय ओलांडून आलेला असतो आणि ज्याला व्हिसा लागत नाही. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः याच गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात. धानाच्या बांध्यात जोडी उभी दिसली तर माणूस गाडी थांबवतोच.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि त्यांनी या तलावावर अख्खं पुस्तक लिहिलं, 'नवेगावबांधचे दिवस'. इथले माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून ते पाखरांची, माशांची, पाणवनस्पतींची स्थानिक माहिती शिकत गेले. चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. ज्या जागेनं एका माणसाला पुस्तकभर मजकूर दिला, तिथे आपल्याला पाहायला काही मिळालं नाही, हे आपण अभिमानानं सांगतो!

आता एक सुशिक्षित आक्षेप. "कोमो नैसर्गिक सरोवर आहे. हिमनद्यांनी कोरलेलं, चारशे मीटरहून खोल, १४६ चौरस किलोमीटर. आमचे तलाव काय, माणसानं घातलेले बांध." आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष उलटा आहे. पहिली गोष्ट, कोमोचं पाणीही आज निसर्गाच्या मर्जीनं वर-खाली होत नाही. तळ्यातून बाहेर पडणाऱ्या अद्दा नदीवर ओल्जिनाते इथे १९४६ पासून नियंत्रक धरण आहे. खालच्या मैदानातल्या शेतीला आणि विजेला किती पाणी सोडायचं ते तिथे ठरतं. दुसरी गोष्ट, माणसानं बांधलं म्हणून कमी, हे कुणी ठरवलं? कोहळी समाजातल्या कोलू पाटील या माणसानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला टेकड्यांमधल्या खिंडी मातीच्या पाळीनं बुजवून हे पाणी अडवलं, असं इथली परंपरा सांगते, आणि लोकांनी त्याला कोलासूर म्हणून देव केलं. यंत्र नाही, सिमेंट नाही. कुठल्या दोन टेकड्यांच्या मध्ये पाळ घातली तर कमीत कमी मातीत जास्तीत जास्त पाणी उभं राहील, सांडवा कुठे ठेवला तर पाळ वाहून जाणार नाही, हे नजरेनं ठरवणारे लोक होते. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला तुकूम म्हणून जमिनी दिल्या, त्यातून पूर्व विदर्भात हजारो तलाव आणि बोड्या उभ्या राहिल्या. मालगुजारी तलाव म्हणतात ते हेच. आकडा सात हजारांच्या आसपास सांगतात. इटलीचं तळं पाहून देवाची करणी म्हणायचं, आणि स्वतःच्या पणजोबांची करणी पाहून 'बांधच तर आहे' म्हणायचं! विला, बागा, घाट ही कोमोची निम्मी शोभाही माणसाचीच करणी आहे, आणि तिचे फोटो आपण सगळ्यात जास्त काढतो.

प्रतिपक्ष जिथे बरोबर आहे तिथे तसं म्हणायला हवं. नवेगावबांधला वेळापत्रकाची बोट नाही. होड्या कधी चालू असतात, कधी बंद, आणि कारण विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवतो. मुक्कामाच्या खोल्या मोजक्या आहेत, फोन लागेलच असं नाही, आणि मी एकदा आगाऊ पैसे भरून गेलो तर संबंधित कार्यालयाला माझ्या नावाचा पत्ताच नव्हता. खोली शेवटी गावातल्या एका गुरुजींच्या घरी मिळाली, आणि खरं सांगायचं तर जेवण तिथलंच चांगलं होतं. काठाकाठानं सलग चालत जावं अशी राखलेली वाट नाही. हे सगळं मान्य. पण हा पुरावा कुणाविरुद्ध आहे? तलावाविरुद्ध तर नक्कीच नाही.

आपण काय मागतो ते बघा. नागपूरकर तलावाकडून 'पॉइंट' मागतो. बाग, कारंजं, सेल्फीची जागा, गाडी लावायला मैदान. मागणी तशी, पुरवठा तसा. शहरातला फुटाळा डोळ्यासमोर आणा. भोसलेकालीन तलाव, संध्याकाळी अख्खं पश्चिम नागपूर जिथे मक्याचं कणीस खायला येतं. त्याला आपण काय दिलं? संगीत कारंजं आणि प्रेक्षक गॅलरी. मग हा तलाव पाणथळ आहे की नाही यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं तो मानवनिर्मित असल्यानं पाणथळांच्या नियमात बसत नाही असं ठरवलं. कायद्याची बाजू कायदेवाले बघतील. मला दिसतं ते एवढंच की पाण्यात काय जगतं आहे हे बघायला नव्हे, तर पाण्याकडे पाठ वा तोंड करून कार्यक्रम बघायला आपण जागा बांधली. अंबाझरीचंही तेच. १८७० च्या सुमाराला शहराला पाणी द्यायला वाढवलेला हा तलाव. पुढे तो मिरवायची जागा झाला, सांडव्याच्या तोंडाशी बांधकामं झाली, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे त्याचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांमध्ये शिरलं. सांडवा कुठे ठेवायचा हे ज्यांना कळत होतं त्यांचे वंशज गोंदिया जिल्ह्यात धान पिकवतात. त्यांना कुणी विचारलं नाही.

इटलीहून आलेली मंडळी म्हणतात, "आपल्याकडे असं पाहिजे होतं." असं म्हणजे कसं? त्यांना आठवतात त्या रंगीत भिंती आणि फुलांच्या कुंड्या. सरकारी बोट, तिची वेळेवर फेरी, सार्वजनिक पायवाट, पाण्याच्या काठापर्यंत फुकट जाता येणं, ही मूळ गोष्ट आठवत नाही. कोमोकडून शिकायचंच असेल तर कारंजं शिकू नका, वेळापत्रक शिका. सकाळी सहाला, साडेसातला, दुपारी चारला आणि साडेपाचला एक होडी, ढिवरांच्या सहकारी संस्थेनं चालवलेली, ठरलेल्या भाड्याची. एवढं झालं तर दोन तासांचा सिद्धान्त आपोआप बुडेल.

ढिवरांचं नाव उगीच घेत नाही. १९५० च्या कायद्यानं मालगुजारांची जमीनदारी गेली, ती जायलाच हवी होती; पण तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढणं, पाळ राखणं ही कामं कुणाचीच राहिली नाहीत. काठानं बेशरम नावाच्या झुडपाचं रान माजलं. हे सगळं अटळ होतं असंही नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था अर्जुनी मोरगाव तालुक्यात मच्छीमारांच्या सोबतीनं तलावातली बेशरम उपटते, मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावते, आणि त्यामुळे स्थानिक मासा परततो. सुट्टीवर गेलेल्या माणसाला हे काम बघता येतं, त्याबद्दल काठावर बसून बोलता येतं. विलांच्या बागेचं तिकीट काढून माळ्याशी अशा गप्पा मारता येत नाहीत.

एका वेगळ्या टोळीलाही इथेच निरोप देतो. हे लोक नवेगावबांधला 'विदर्भाचं कोमो' म्हणतात, खिंडसीला आणखी काही. कृपा करून नका म्हणू. रामटेकचा खिंडसी जलाशय हा इंग्रजी अमदानीतला पाटबंधाऱ्याचा तलाव आहे, नवेगावबांध कोहळ्यांचा आहे, लोणार उल्केच्या धडकेनं झालेलं आहे. प्रत्येकाचा पिंड वेगळा. उसनं नाव दिलं की माणूस उसन्या अपेक्षा घेऊन येतो, बर्फाची शिखरं शोधतो, ती नाहीत म्हणून रुसतो आणि पुन्हा दोन तासांत परततो. देशाभिमानानं तलावाचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं परदेशाच्या ओढीनंही केलं नसेल.

मे महिना मात्र मी सोडून देतो. पंचेचाळीस अंशांत नवेगावबांधला जा असं सांगणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही. पाणी मागे सरकलेलं असतं, पाखरं गेलेली असतात, दुपारी पंखाही गरम वारा फेकतो. मेमध्ये कोमो ऐन भरात असतं. पैसा आणि पंधरा दिवस असतील तर खुशाल जा, वारेन्नात आठवडा काढा, मिलानच्या हमरस्त्यावर राहू नका. माझं भांडण नोव्हेंबर ते फेब्रुवारीपुरतं आहे, आणि तिथे मी एक इंचही मागे हटायला तयार नाही.

आता "मग चार दिवस करायचं काय" याचं सरळ उत्तर. दुपारी निघा, म्हणजे संध्याकाळी पोचाल आणि दुसरी सकाळ तुमची असेल. पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तलाव, मधली दुपार झोप. झोपेला लाजू नका, इटालियन माणूसही दुपारी दुकान बंद करून झोपतो. एक दिवस गोठणगावकडे काढा. तिथे इटियाडोह धरण आहे, आणि १९७० च्या दशकात वसलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. धानाच्या शेतांमधून जाता जाता एकदम गोम्पा समोर येतो. जवळच प्रतापगड, जिथे एकाच डोंगरावर महादेवही आहे आणि ख्वाजा उस्मान गनींचा दर्गाही.

रात्रीचं काय, हा प्रश्न विचारणाऱ्यांची मला खरी गंमत वाटते, कारण कोमोकाठी रात्री दहानंतर चिटपाखरू नसतं. इथे भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुणेरावळे, रात्री नाटक. झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीला सुरू होतो तो होळीपर्यंत. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक कंपन्यांची कार्यालयं ओळीनं आहेत आणि भिंती पोस्टरांनी मढलेल्या. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं, गाणी, लावणी, विनोद, रडारड सगळं असतं, आणि मंडपात बसलेली चार-पाच हजार माणसं शेवटचा पडदा पडेपर्यंत उठत नाहीत. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरच वडसा आहे, पण रात्री परतायची गाडी नसते, तेव्हा स्वतःचं वाहन ठेवा, शाल घ्या, आणि खुर्चीचं तिकीट काढा. खाली सतरंजीवर बसलात तर पाठ दुसऱ्या दिवशी बोलते.

नाटकाहून पहाटे परतलात की झोपायला जाण्याआधी तलावावर जा, कारण तेव्हा साडेपाच वाजलेले असतात आणि डोंगे निघायची वेळ झालेली असते. चौथा दिवस असा अर्धा झोपेत जातो. उठल्यावर उकडलेले शिंगाडे आणि चिन्नोरचा भात. नागझिऱ्याचं जंगल राहूनच जातं.